‘अशार’ची मधली पायरी

३ मार्च, मंगळवार

आज ‘अशार’ माझ्या वाट्याला आलं. दुपारभर कोणाशी बोललो नाही, न जाणो कोणी परत मागायचं.

आमच्या कचेरीत पोर्तुगीज क्रियापदांचा व्युत्पत्तिकोश होतो आहे, म्हणजे कुठलं क्रियापद कुठल्या लॅटिन शब्दापासून आलं त्याचा. मी इथे बावीस वर्षं आहे. सोपी क्रियापदं केव्हाच हातावेगळी झाली, उरली ती अडून बसलेली. त्यांतलं सगळ्यात देखणं हे ‘अशार’. अर्थ, सापडणं. लॅटिनमध्ये ‘अफ्लारे’ होतं, म्हणजे एखाद्या गोष्टीवर फुंकणं, श्वास सोडणं. लॅटिनमधला ‘फ्ल’ पोर्तुगीजमध्ये ‘श’ होतो, ‘फ्लामा’ची ‘शामा’ झाली आणि ज्वाळा ती ज्वाळाच राहिली. तेव्हा आवाजाच्या बाजूने सगळं ठीक. पण फुंकण्याचा आणि सापडण्याचा संबंध काय? जुने विद्वान म्हणतात, मध्ये कुत्रा आहे. शिकारी कुत्रा माग हुंगतो, त्याचा श्वास मागावर पडतो, मग सावज सापडतं. तीन पायऱ्या, मधली कुत्र्याची.

आता आमच्या कचेरीचा नियम. शब्द एखाद्या धंद्यातून गेला असं म्हणायचं असेल तर त्या धंद्यातल्या जिवंत माणसाची लेखी साक्ष आणायची. संस्थापक म्हणायचे, कागदावरचा कुत्रा भुंकत नाही. आजवर मी एका नावाड्याची, दोन विणकरांची आणि एका रागीट खाटकाची साक्ष आणली आहे. साक्ष नाही मिळाली तर नोंदीपुढे ‘मूळ अनिश्चित’ छापतात. ‘अशार’पुढे ते छापलं तर मला घास गोड लागणार नाही. छापखान्याची मुदत एकतीस तारीख.

बाई (मुख्य संपादक, त्यांना सगळे नुसतं बाईच म्हणतात) फाईल देताना म्हणाल्या, “तुमचे थोरले बंधू कुत्रीच शिकवतात ना?”

“शिकाऱ्यांना विचारतो,” मी म्हटलं.

“जवळचं सोडून लांब कशाला जायचं?”

“जवळचं आहे कुठे,” म्हटलं आणि फाईल उचलली.

४ मार्च, बुधवार

घरी हिनेही तेच लावून धरलं. “मोठ्या भाऊजींना विचारा की. त्यांचा गुडघा दुखतोय सध्या, घरीच असतात बरेचदा.”

“तुला कसं कळलं?”

“म्हणालं कोणीतरी.”

दादा आणि मी नऊ वर्षं बोललेलो नाही. कारण लिहून ठेवतो, म्हणजे कोणी विचारलं तर माझी बाजू कागदावर असेल. दादा पडलेल्या इमारतींखाली अडकलेली माणसं शोधायला कुत्री शिकवतो. त्याची पहिली कुत्री, नाव थोरली, म्हातारी होऊन मेली तेव्हा त्याने मला पत्र लिहिलं. चार पानं. दादाला लिहायची सवय नाही, त्यामुळे त्यात एकच गोष्ट तीन-तीनदा होती. मी रविवार मोडून त्या चार पानांच्या सात ओळी केल्या, टंकल्या, आणि मूळ पत्रासोबत त्याला परत पाठवल्या. एकही माहिती गाळली नव्हती. वय चौदा, मंगळवारी सकाळी, कारण वार्धक्य, कामगिरी एकतीस माणसं जिवंत. दुसऱ्या कोणी आभार मानले असते. दादाने पुढे फोन उचलणंच सोडलं.

करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

६ मार्च, शुक्रवार

शिकारी मंडळाच्या चिटणिसांना भेटलो. खोलीत चारी भिंतींवर शिंगं. मला टोपी काढून ठेवायला जागा नव्हती म्हणून एका शिंगावर अडकवली, ते त्यांना आवडलं नाही. कुत्र्यांचं विचारलं तर म्हणाले, “कुत्री? छे, मला त्यांची ॲलर्जी आहे. आम्ही दुर्बिणीने बघतो.”

९ मार्च, सोमवार

जनावरांच्या डॉक्टरकडे गेलो आणि विकतची डोकेदुखी घेऊन आलो. तो म्हणाला, “हुंगणं म्हणजे हवा आत ओढणं. तुमचं लॅटिन म्हणतंय बाहेर सोडणं. मग हे जुळणार कसं?”

मी म्हटलं, दोन हजार वर्षांचा शब्द आहे.

“असेल. पण उलटा आहे.”

बाहेर येऊन बाकावर बसलो. खरंच उलटा आहे. एवढी वर्षं ही नोंद मी मनातल्या मनात मिरवली आणि हे माझ्या ध्यानात आलं नाही. आता साक्ष म्हणजे नुसती सही नाही, खरं काय ते कळायला हवं. डॉक्टर दारापर्यंत सोडायला आला होता. म्हणाला, “नाकाचं काम कळणारा या गावात एकच माणूस आहे. तुम्ही बरेचसे त्याच्यासारखे दिसता.”

१२ मार्च, गुरुवार

जावं की न जावं. गेलो तर वाकलो असं होईल, नाही गेलो तर ‘अशार’ बुडेल. मी हिला स्पष्ट सांगितलं की गेलोच तर फक्त क्रियापदासाठी. ही म्हणाली, “ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?” मी म्हटलं, ताकही नाही आणि भांडंही नाही, कामाचं बोलतोय.

दर गुरुवारी ही तासभर आपल्या बहिणीशी फोनवर बोलते, गॅलरीचं दार लावून. बहिणीच्या शेजारी कोणीतरी भरपूर कुत्री पाळलेली दिसतात. फोनमधून इतकं भुंकणं येतं की त्या माउलीला झोप कशी लागते कोण जाणे.

१५ मार्च, रविवार

गेलो. हिने माझ्या हातात एक पिशवी दिली, आत विणलेला स्वेटर. “वहिनींना होईल बहुतेक,” म्हणाली. नऊ वर्षांत न पाहिलेल्या बाईचं माप हिने कसं धरलं हे बायकांनाच ठाऊक. स्वेटर वहिनीला अगदी मापात बसला.

दार वहिनीने उघडलं. मला वाटलं होतं दचकेल. तर म्हणाली, “या भाऊजी, चहा गाळतेच आहे.” तीन कप मांडलेले होते.

दादा मागच्या मैदानात होता. मैदान म्हणजे काँक्रीटचे पाइप, फुटक्या विटांचे ढीग, मोडकी दारं, फळ्या. मुद्दाम करून ठेवलेला पसारा. तो एका ओंडक्यावर बसून एका पिल्लाच्या पंजातलं कुसळ काढत होता. केस सगळे पांढरे झालेत. मला बघून उठला नाही.

“काय काम?”

“एका क्रियापदाचं.”

“तेच म्हटलं, उगाच कशाला येशील.”

मी ‘अफ्लारे’पासून सगळं सांगितलं, डॉक्टरची शंकाही सांगितली. दादा कुसळच काढत राहिला. शेवटी म्हणाला, “कुत्रं फुंकतं का ओढतं, एवढंच पाहिजे ना तुला?”

“एवढंच.”

“मंगळवारी सकाळी ये. जुने कपडे घाल.”

दादाची सहा वाक्यं झाली नसतील, पण परत येताना चालत आलो, बसने आलो नाही. हवा छान होती.

१७ मार्च, मंगळवार

आजचं सगळं लिहितो, अंग दुखतंय तरी.

कुत्र्यांना शिकवायचं तर कोणीतरी लपावं लागतं. कुत्र्याने त्या माणसाला आधी हुंगलेलं नसावं. दादाने मला एका आडव्या पाइपमध्ये झोपवलं, तोंडाशी फळ्या लावल्या, वर विटांचा चुरा ओतला. म्हणाला, “हलू नकोस. बोलू नकोस. तुला जमायचं नाही ते, पण बघ.”

सत्तावन्नाव्या वर्षी पाइपात पडून मी काय काय विचार केले ते लिहीत नाही. पाठीखाली खडा होता. फळ्यांमधल्या फटीतून बोटभर उजेड येत होता. किती वेळ गेला कळेना, आणि खरं सांगायचं तर भीती वाटू लागली. दादा मला इथेच सोडून जेवायला गेला तर त्याला दोष कोणत्या तोंडाने देणार, असंही वाटून गेलं.

मग लांबून पंजांचा आवाज आला. तपकीर, त्याची आत्ताची कुत्री. रंगाने तपकिरी, त्यात सारखी शिंकते, म्हणून तपकीर. ती ढिगावर चढली, उतरली, दुसरीकडे गेली. परत आली. आणि माझ्या फटीशी नाक लावून तिने फूः केलं. जोरात, आपण दिवा विझवतो तसं. चुरा उडाला, माझ्या डोळ्यांत, तोंडात. मग घाईघाईने सू-सू आत ओढलं. परत फूः. परत ओढणं. तीन-चार वेळा तिने माझ्यावर श्वास टाकला, गरम आणि ओलसर, आणि मग अशी भुंकली की पाइप घुमला.

कुत्रं फुंकतं! आधी फुंकतं, धुळीत बसलेला वास उठवतं, मग ओढतं. डॉक्टर चुकला, लॅटिन बरोबर होतं! मी आतून ओरडलो, “दादा, फुंकलं! फुंकलं तिने!”

“बोलू नकोस म्हटलं ना,” बाहेरून दादा.

पण तो लगेच माझ्याकडे आला नाही. आधी कुत्रीपाशी बसला. “शाब्बास गं. शाब्बास माझी बाय. शाब्बास.” थांबून परत तेच. परत तेच. मी फळीच्या फटीतून बघत होतो, प्रत्येक वेळी तिची शेपटी आणखी जोरात हालत होती. मला वाटलं होतं एकदा म्हटलेलं पुरतं.

बाहेर निघालो तर भुतासारखा दिसत असणार. वहिनी तोंडाला पदर लावून हसली, दादासुद्धा हसला. मग त्याने माझ्या पाठीवरचा चुरा झटकला, लहानपणी झटकायचा तसा जोरात. लागलं. बरं वाटलं.

१८ मार्च, बुधवार

बाई इतक्या खूश झाल्या की खुर्चीतून उठल्या. “आता साक्ष लेखी आणा.” दादाला विचारलं, लिहून देशील का. म्हणाला, “बघू.”

२२ मार्च, रविवार

मधले दिवस लिहायचे राहिले, मैदानावर होतो. तपकिरीला मी आता ओळखीचा झालो, त्यामुळे लपायला निरुपयोगी. म्हणून दादाने मला घड्याळ धरायला बसवलं आहे. कुत्रीला किती मिनिटं लागली ते वहीत मांडायचं. त्याची आधीची वही बघितली, रकाने वेडेवाकडे. मी नवीन आखून दिली. दादा म्हणाला, “नाकाने कांदे सोलायची तुझी सवय काही जाणार नाही.” पण वही वापरतो आहे.

मजेत आहे मी. लिहायला लाज कसली.

२४ मार्च, मंगळवार

साक्ष मिळाली. सहा पानं, दोन्ही बाजूंनी. दादाने लिफाफा माझ्या हातात दिला, पण लगेच सोडला नाही, क्षणभर धरून ठेवला. म्हणाला, “तुला काय पाहिजे ते काप.” आणि आत निघून गेला. मोठं मन आहे त्याचं, मी म्हणतोच नेहमी.

खाली सही नाही. विसरला असेल.

२६ मार्च, गुरुवार

बाईंनी साक्षीचा छापील नमुना पुढे केला. सात ओळींची जागा आणि खाली सही. “सहा पानं छान आहेत, पण जागा एवढीच आहे.”

काम हातखंड्याचं. घरी आल्यावर चहा घ्यायच्या आत सात ओळी केल्या. फुंकण्याचा मुद्दा चौथ्या पानावर आहे, तो वर घेतला. बाकी सगळं थोरलीविषयीच आहे, तेच ते पुन्हा, ते काढलं. इतक्या झकास जमल्या की हिला वाचून दाखवल्या.

हिने शेवटपर्यंत ऐकल्या. मग म्हणाली, “छान झाल्यात. द्या पाठवून. पुढची नऊ वर्षंही छान जातील.”

आणि भाजी चिरायला गेली. मी मागे जाऊन विचारलं, म्हणजे काय? म्हणाली, “अहो, नवरा म्हणून सांगते, तुम्ही फार हुशार आहात.” तिने मला हुशार म्हटलं की मी नेहमी काहीतरी चुकलेलो असतो, एवढं तीस वर्षांत शिकलो आहे.

२७ मार्च, शुक्रवार

सात ओळी खिशात आहेत. कचेरीत नेल्या आणि परत आणल्या. सही तर दादाचीच लागणार. त्याने नाही केली तर ‘मूळ अनिश्चित’. पण आज दिवसभर मला क्रियापदाची काळजी कमी आणि त्याने लिफाफा धरून ठेवला होता त्याची जास्त वाटली. तो विसरला नसावा.

त्याला विचारायचं ठरवलं. माझ्या आयुष्यात मी कोणालाही ‘कापू का’ असं विचारलेलं नाही.

३० मार्च, सोमवार

आधी कामाचं. संध्याकाळी साडेचारला दादाची साक्ष बाईंच्या टेबलावर पोचली. सहाही पानं, प्रत्येक पानावर सही. छापील नमुन्यावर मी एवढंच लिहिलं, ‘साक्ष सोबत जोडली आहे, पूर्ण.’

बाई म्हणाल्या, “हे नमुन्यात बसत नाही.”

“नमुना लहान आहे, बाई.”

बावीस वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा उलट बोललो. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं, पहिलं पान वाचलं, दुसरं वाचलं, मग शिक्का काढून मारला. ‘अशार’ उद्या छापायला जाईल, आणि त्यापुढे ‘अनिश्चित’ नाही.

आता सकाळचं.

दादा ओंडक्यावर बसला होता, तपकीर पायाशी. मी उभ्यानेच बोललो, बसलो असतो तर बोललो नसतो. “दादा, कचेरीला सात ओळी हव्यात. मी केल्यात. पण तुला विचारल्याशिवाय देणार नाही.”

त्याने सात ओळींच्या कागदाकडे बघितलंही नाही. “माझे कागद आणलेस?”

“आणले.”

“वाच. मोठ्यानं. माझा चष्मा घरात राहिलाय.”

चष्मा त्याच्या खिशातून डोकावत होता. मी वाचायला लागलो.

पहिली दोन पानं थोरलीच्या पिल्लूपणाची. तिसऱ्यावर पडलेली शाळा, चौथ्यावर गिरणीची भिंत. फटीत नाक घालून ती किती वेळ फुंकत राहिली, आणि आत एक बाई कशी जिवंत निघाली. हे मी भराभर वाचलं. पाचव्या पानावर थोरली आंधळी झालेली. कानही गेलेले. शेवटच्या सकाळी दादा तिच्याजवळ बसला होता, आणि त्याने लिहिलं होतं:

‘तिला दिसत नव्हतं ऐकू येत नव्हतं. मी हात पुढे केला. तिने माझ्या हातावर फुंकलं. कोण आहे ते बघायला. मग हुंगलं मग डोकं ठेवलं. तिने माझ्या हातावर फुंकलं. एवढी ताकद तिला नव्हती तरी. माझ्या हातावर फुंकलं.’

पहिल्यांदा वाचलं. दुसऱ्यांदा आलं तेव्हा सवयीने गाळून पुढे गेलो.

“तिथं एक ओळ आहे अजून,” दादा म्हणाला. त्याने मान वर केली नव्हती.

मी मागे गेलो, ती ओळ वाचली. तिसऱ्यांदा आली ती बोट धरून वाचली. हे सगळं मी आधी वाचलेलं होतं. नऊ वर्षांपूर्वीच्या त्या पत्रातही हेच होतं, हा हात, हे फुंकणं, तीनदा. आणि मी त्याचं ‘मंगळवारी सकाळी, कारण वार्धक्य’ करून त्याला परत पाठवलं होतं. वाईट वाटलं. नऊ वर्षं उशिरा वाटलं.

“दादा, मी त्या वेळी...”

“सहावं पान राहिलंय,” तो म्हणाला.

ते वाचलं. त्यात फारसं काही नव्हतं, थोरलीला कुठे पुरलं ते होतं, आणि त्या दिवशी हवा कशी होती ते. मी कागद खाली ठेवले. दादा म्हणाला, “आता काय कापायचं ते काप.”

“मला जास्तीचं काही दिसलं नाही.”

त्याने खिशातला चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि एकेक पान मांडीवर घेऊन सही केली. वहिनी दारात उभी राहून बघत होती; तिच्या हातात फोन होता, कोणाला तरी हळू आवाजात “हो गं, केली” म्हणाली. मी पानं क्रमाने लावली आणि निघालो. साडेअकराची बस होती, बाई वाट बघत होत्या.

“घाई आहे?” दादाने विचारलं.

“तशी आहे.”

तो तपकिरीच्या कानामागे खाजवत राहिला. मग म्हणाला, “एकदा परत वाच.”

“सगळं?”

“सगळं.”

मी ओंडक्यावर त्याच्या शेजारी बसलो, पहिल्या पानापासून सुरुवात केली, आणि ती ओळ आली तेव्हा तिन्ही वेळा सावकाश वाचली.